चाकांवरच्या घराचा हिवाळा

१/
१७८४ सालचा हिवाळा. स्थळ : कॅनडातील क्यूबेक. ब्रिटिश तोफखान्यातील मेजर एडवर्ड विल्यम्स यांनी पोकळ लोखंडी गोळे घेतले, आपल्या जुन्या कागदपत्रांत ज्यांना कुलपी गोळे म्हणतात तसले. त्यांत दारूऐवजी पाणी भरले, तोंडाशी बूच ठोकून बसवले आणि गोळे कडाक्याच्या थंडीत उघड्यावर ठेवून दिले. पाणी गोठू लागले, तशी काही गोळ्यांची बुचे उडाली आणि शेकडो फूट दूर जाऊन पडली. जिथे बूच हलले नाही, तिथे लोखंडच तडकले आणि भेगेतून बर्फाची पात बाहेर आली. वात नाही, ठिणगी नाही. तरीही गोळा फुटला.

२/
विल्यम्स हे पहिले प्रयोगकर्ते नव्हेत. १६५७ साली फ्लॉरेन्समध्ये स्थापन झालेल्या प्रयोग-अकादमीच्या सभासदांनीही धातूच्या बंद गोळ्यांत पाणी गोठवून ते फोडून पाहिले होते. कारण एकच. बहुतेक द्रव गोठताना आक्रसतात. पाणी मात्र फुगते. १०० लिटर पाण्याचा बर्फ सुमारे १०९ लिटर जागा मागतो. ती जागा मिळाली नाही, तर तो ती बळाने घेतो. विज्ञानाचा हा एक नियम आज या धाग्याचा खरा नायक आहे. खलनायक म्हटले तरी चालेल.

३/
मित्रहो, उत्तर अमेरिकेत आणि युरोपात दर शरद ऋतूत लक्षावधी कुटुंबे एक वार्षिक विधी पार पाडतात. उन्हाळाभर ज्या मोटारहोममध्ये किंवा मोटारीमागे जोडलेल्या ट्रेलरमध्ये त्यांनी सहली केल्या, ते चाकांवरचे घर ती हिवाळ्यासाठी बंद करतात. टाक्या रिकाम्या करतात, नळ्यांत गुलाबी द्रव भरतात, बॅटरी काढून ठेवतात, उंदरांच्या वाटा बुजवतात आणि वाहन झाकून उभे करतात. आपल्याकडे कोकणात पावसाळ्याआधी होड्या किनाऱ्यावर ओढून घेतात, घरे शाकारतात, आगोटीची बेगमी करतात. जात तीच, ऋतू तेवढा वेगळा. सोयीसाठी आपण याला ‘हिवाळी बंदोबस्त’ म्हणू.

४/
वरवर पाहता ही घरगुती देखभालीची बाब आहे. तिचा इतिहास काय असणार? पण दोन प्रश्न विचारून पाहा. चाकांवरचे घर काही शतके जुने असताना हा बंदोबस्त मात्र जेमतेम एका शतकाचा का? आणि जे घर चार-पाच महिने कुलूप लावून ठेवता येते, त्याचा मालक त्या काळात राहतो कुठे? पहिल्या प्रश्नाचे उत्तर नळात आहे, दुसऱ्याचे समाजरचनेत. दोन्ही उत्तरे शोधण्यासाठी आपल्याला एकोणिसाव्या शतकातील इंग्लंडपासून निघावे लागेल.

५/
तिथे घोड्याने ओढायची, रंगीत नक्षीची लाकडी घरे रस्त्यांवर दिसत. रोमानी लोकांच्या या गाडीला ‘वार्डो’ म्हणत. रोमानी समाजाचे पूर्वज कित्येक शतकांपूर्वी भारतातून पश्चिमेकडे गेले, हे भाषाशास्त्राने सिद्ध केले आहे. त्यांची भाषा आपल्याच भाषाकुळातील. तिच्यात पाण्याला ‘पानी’ म्हणतात, हे ऐकून मराठी माणसाचे कान टवकारतील. आपल्या कथेचा मुख्य शब्द अशा रीतीने या गाड्यांच्या आधीच युरोपात पोहोचला होता.

६/
वार्डोत लोखंडी शेगडी असे, बिछाना असे, कपाटे असत. नळ मात्र नसे. पाणी भांड्यांतून भरून आणायचे आणि वापरून बाहेर ओतायचे. इंग्लंडमधील अनेक रोमानी कुटुंबांत शुद्धाशुद्धतेचे नियम कडक होते. अन्नाच्या भांड्यांचे पात्र वेगळे, अंग धुण्याचे वेगळे. शौचाची सोय राहत्या गाडीत असणे तर त्यांना ओंगळ वाटे. विसाव्या शतकातही अनेकांनी मोरी आणि शौचकूप नसलेलेच कॅरॅव्हॅन पसंत केले. परिणामी गाडीत गोठून फुटण्यासारखे काही नव्हतेच. बादलीतले पाणी गोठले, तर वरच्या वर फुगायला त्याला आकाश मोकळे होते.

७/
मग हिवाळ्यात ही कुटुंबे काय करीत? थांबत. शेतातील हंगामी कामे संपली की त्यांच्यापैकी बरीच कुटुंबे शहरांच्या कडेला, मोकळ्या पडीक जागांवर गाड्या लावत. बॅटरसी आणि वॅन्ड्सवर्थ हे लंडनचे भाग त्यासाठी परिचित होते. १८७७ साली छायाचित्रकार जॉन थॉमसन आणि लेखक अडॉल्फ स्मिथ यांच्या ‘स्ट्रीट लाइफ इन लंडन’ या ग्रंथात ‘लंडनचे भटके’ अशा अर्थाच्या शीर्षकाचे एक छायाचित्र आले. गाडी, तिच्या दाराशी बसलेली माणसे आणि भोवतीची उजाड जागा. या माणसांच्या दृष्टीने हिवाळा हा गाडी बंद करण्याचा काळ नव्हता. उलट, गाडीची शेगडी सर्वाधिक पेटती राहण्याचा तोच काळ होता.

८/
१८८५ साली कथेत दुसऱ्याच वर्गाचा माणूस आला. डॉ. विल्यम गॉर्डन स्टेबल्स हे ब्रिटिश आरमारातील निवृत्त शल्यवैद्य आणि मुलांसाठी साहसकथा लिहिणारे लेखक. त्यांनी ब्रिस्टल येथील वॅगन कारखान्याकडून केवळ हौसेखातर एक गाडी बांधून घेतली, तिचे नाव ‘वाँडरर’. दोन घोडे जोडून ते बर्कशायरमधील ट्वायफर्डहून थेट स्कॉटलंडातील इन्व्हर्नेसपर्यंत गेले. १३०० मैलांच्या या प्रवासाचे त्यांचे पुस्तक १८८६ मध्ये निघाले. १९०७ साली ब्रिटनमध्ये कॅरॅव्हॅन क्लब स्थापन झाला, तो अशाच हौशी प्रवाशांचा.

९/
रोमानी कुटुंबाची गाडी आणि स्टेबल्स यांची गाडी यांत लाकडाचा, रंगाचा, खिडक्यांचा फरक होताच. पण खरा फरक गाडीच्या बाहेर होता. स्टेबल्स यांना ट्वायफर्डला एक पक्के घर होते. प्रवास संपला की गाडी सोडून ते त्या घरात जाऊ शकत. चाकांवरचे घर ‘ठेवून देण्याची’ कल्पना इथे शक्य झाली, कारण मालकाला दुसरे घर मिळाले. ही पहिली अट लक्षात ठेवा. दुसरी अट म्हणजे नळ; तो अजून पन्नास वर्षे दूर आहे.

१०/
दरम्यान, हिवाळ्यात वाहने एका जागी आणून त्यांची डागडुजी करण्याची शिस्त लावली ती सर्कसवाल्यांनी. अमेरिकेत रिंगलिंग बंधूंची सर्कस १८८४ ते १९१८ या काळात हिवाळ्यात विस्कॉन्सिनमधील बाराबू या आपल्या मूळ गावी परतत असे. गाड्या दुरुस्त व्हायच्या, रंगायच्या, प्राणी उबदार तबेल्यांत राहायचे. पण सारे एका छताखाली आणण्यात धोकाही होता. बार्नम अँड बेली सर्कसच्या कनेटिकटमधील ब्रिजपोर्ट येथील हिवाळी तळाला २० नोव्हेंबर १८८७ रोजी आग लागली आणि अनेक प्राणी जळून मेले. पुढे १९२७ साली रिंगलिंगांनी हिवाळी तळच फ्लोरिडातील सारासोटाला हलवला. थंडीशी झुंजण्यापेक्षा ऊन गाठणे बरे, हा विचार त्या दशकात अनेकांना सुचला होता.

११/
कारण त्या दशकात मोटार सर्वसामान्यांच्या हाती आली. १९१९ साली फ्लोरिडातील टॅम्पा येथे ‘टिन कॅन टुरिस्ट्स’ या नावाची संघटना स्थापन झाली. मोटारीला तंबू किंवा घरी बनवलेले ट्रेलर जोडून उत्तरेकडची माणसे हिवाळ्यात दक्षिणेला येत. मोटारीच्या रेडिएटरच्या झाकणावर बसवलेला पत्र्याचा रिकामा डबा ही सभासदांची खूण होती. गंमत पाहा : खुणेसाठी त्यांनी जागा निवडली ती रेडिएटरची, आणि थंडीत मोटारीचा पहिला बळीही रेडिएटरच ठरत असे.

१२/
मोटारीचे इंजिन थंड ठेवण्यासाठी त्यात पाणी फिरते. हिवाळ्यात ते रात्री गोठले, की रेडिएटरची नळी फुटायची किंवा इंजिनाचे बीडच तडकायचे; विल्यम्स यांचा गोळाच जणू घराच्या अंगणात. अनेक मालक रोज संध्याकाळी पाणी काढून टाकीत. काही जण मोटार ठोकळ्यांवर चढवून वसंतापर्यंत विसरून जात. काही जण पाण्यात अल्कोहोल मिसळत. पण इंजिन तापले की ते उडून जाई. मिथाइल अल्कोहोल ६५ अंश सेल्सिअसलाच उकळते. म्हणजे संरक्षण रोज थोडे थोडे वाफ होऊन जायचे.

१३/
यावर उपाय आधीच्या शतकातच तयार होता. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ शार्ल-अडॉल्फ वुर्त्स यांनी १८५० च्या दशकात ग्लायकॉल या संयुगांचा शोध लावला होता. त्यांपैकी एथिलीन ग्लायकॉल सुमारे १९७ अंशांना उकळते. पाण्यात ते निम्मे-निम्मे मिसळले, तर मिश्रण उणे ३५ अंशांच्याही खाली जाईपर्यंत गोठत नाही. १९२७ साली अमेरिकेत ‘प्रेस्टोन’ या नावाने ते मोटारींसाठी बाजारात आले. अशा रीतीने इंजिनाचा हिवाळा सुटला. घराचा हिवाळा मात्र अजून सुरूच व्हायचा होता.

१४/
तो सुरू झाला तिसाव्या दशकात. मंदीच्या काळातही अमेरिकेत ट्रेलरची लाट आली. १९३६ साली वॉली बायम यांच्या एअरस्ट्रीम कंपनीने ‘क्लिपर’ हा ॲल्युमिनियमचा चकचकीत ट्रेलर १२०० डॉलरला विकायला काढला. चौघांची झोपायची सोय, विजेचे दिवे आणि स्वतःचा पाणीसाठा! आमच्या मते या कथेतील संक्रमणबिंदू तो हाच. पाणी आता बादलीतून टाकीत गेले, टाकीतून नळीत, नळीतून तोटीशी. मोकळ्या भांड्यातले पाणी बंद भांड्यात आले. फ्लॉरेन्सच्या धातूच्या गोळ्याला चाके लागली.

१५/
अर्थात हे सुख सर्वांच्या वाट्याला लगेच आले नाही. दुसऱ्या महायुद्धात मिशिगनमधील विलो रन येथे फोर्ड कंपनीचा प्रचंड विमान-कारखाना उभा राहिला. बी-२४ बाँबफेकी विमाने बांधण्यासाठी हजारो कामगार दूरदूरच्या राज्यांतून आले आणि घरे नव्हती म्हणून त्यांतले कित्येक ट्रेलरमध्ये राहिले. मिशिगनचा हिवाळा त्यांनी सहलीसाठी बांधलेल्या पातळ भिंतींत काढला. त्यांच्या दृष्टीने ट्रेलर हे उन्हाळी खेळणे नव्हते, की मोसम संपला म्हणून ते झाकून ठेवता येईल. स्टेबल्स यांच्या हाती असलेली पहिली अट, म्हणजे दुसरे घर, या कामगारांपाशी नव्हती.

१६/
युद्धानंतर चित्र पालटले. पन्नाशीच्या दशकात ट्रेलर ‘स्वयंपूर्ण’ होऊ लागले : गरम पाण्याचा बंब, शॉवर, शौचकूप, सांडपाण्याच्या टाक्या, सारे आत. १९५८ साली आयोवा राज्यातील फॉरेस्ट सिटीत विनेबागो कंपनीची पायाभरणी झाली. १९६६ साली तिच्या कारखान्यातून मोटारहोम बाहेर पडू लागली. नंतर या उद्योगाचे केंद्र इंडियाना राज्यातील एल्कहार्टभोवती एकवटले. आयोवा काय, इंडियाना काय, दोन्हीकडे हिवाळ्यात पारा शून्याच्या बराच खाली जातो. म्हणजे ज्या प्रदेशांत ही वाहने घडत होती, तिथेच ती वर्षातील काही महिने वापरण्याजोगी उरत नव्हती. दोन्ही अटी आता पूर्ण झाल्या : मालकाला पक्के घर होते आणि वाहनाला नळ होते. हिवाळी बंदोबस्त जन्माला आला.

१७/
तो प्रत्यक्षात कसा करतात, हे थोडक्यात पाहू, कारण त्यातील प्रत्येक पायरीमागे एकेक कारण आहे. प्रथम स्वच्छ पाण्याची आणि सांडपाण्याच्या दोन्ही टाक्या रिकाम्या करायच्या. बंब बंद करून पूर्ण निवू द्यायचा, मगच त्याचे बूच काढायचे. दाबाखालचे गरम पाणी अंगावर आले तर भाजते. वाहनाच्या तळाशी सर्वांत खोल बिंदूंवर निचऱ्याची तोंडे असतात, ती उघडायची आणि वरच्या सर्व तोट्याही उघड्या ठेवायच्या, म्हणजे आत हवा शिरून पाणी सुटते. काही जण संकुचित हवेने नळ्या फुंकून घेतात; दाब बेताचा ठेवावा लागतो, नाहीतर बर्फाचे काम हवाच करून टाकते.

१८/
तरीही वळणावळणांत थोडे पाणी राहतेच. म्हणून बंब वळसा देऊन बाजूला ठेवतात आणि पंपाने गुलाबी गोठणरोधक द्रव नळ्यांत ओढतात. साध्या वाहनाला दोन-तीन गॅलन, म्हणजे ८ ते ११ लिटर पुरते. एकेक तोटी उघडायची. गुलाबी धार दिसली की बंद करायची. मोरीखालच्या वाकड्या नळीतही थोडा द्रव ओततात. बाहेरच्या बाजूला असलेला शॉवर हटकून विसरला जातो आणि वसंतात तोच गळतो. हा द्रव अतिथंडीतही दगडासारखा घट्ट होत नाही. मऊ रबडीसारखा होतो आणि नळीवर ताण येऊ देत नाही.

१९/
नळी फुटते तरी कशी? बर्फाचा खडा नेमका जिथे बसतो, तिथेच ती फुटेल असे नाही. खडा वाढत जातो तसे त्याच्या आणि बंद तोटीच्या मध्ये अडकलेले पाणी दाबले जाते. त्याला पळायला वाट नसते आणि सांधा किंवा नळी तिथे हार खाते. दुष्टावा असा, की त्या वेळी काहीच कळत नाही. बर्फ स्वतःच भेग बुजवून बसतो. एप्रिलमध्ये ऊब येते, बर्फ वितळतो, आणि भिंतीच्या आत, फरशीखाली पाणी झिरपू लागते. म्हणून हा बंदोबस्त पहिल्या कडक रात्रीच्या आधी करावा लागतो. नंतर केलेल्याला फारसा अर्थ नसतो.

२०/
बाकीच्या पायऱ्याही याच तर्काच्या. शिसे-आम्लाची बॅटरी १८५९ साली गास्ताँ प्लान्ते यांनी शोधली. ती पूर्ण भरलेली असेल तर अतिथंडीतही गोठत नाही. रिकामी असेल तर तिच्यातले आम्ल इतके पातळ झालेले असते, की शून्याच्या थोडेच खाली ती गोठून फुटू शकते. म्हणून ती भरून, काढून ठेवतात. शीतकपाट पुसून त्याचे दार किलकिले ठेवतात, नाहीतर बुरशी येते. अन्नाचा कण आत ठेवत नाहीत. वायरी-नळ्यांच्या भोवतालच्या फटी पोलादी काथ्याने बुजवतात, कारण बंद, कोरडे, गादीचे घर उंदरांना फार आवडते. छताचे सांधे तपासतात आणि वाहनावर हवा खेळेल असे आच्छादन घालतात.

२१/
आता एक प्रश्न उरतो. मोटारीसाठी १९२७ पासून एथिलीन ग्लायकॉल उपलब्ध असताना या नळ्यांसाठी वेगळा गुलाबी द्रव कशाला? कारण इंजिनातले पाणी कोणी पीत नाही. या नळ्यांतले पितात. एथिलीन ग्लायकॉल चवीला गोडसर आणि अत्यंत विषारी आहे. ते मूत्रपिंडे निकामी करते. म्हणून वाहनातील पिण्याच्या पाण्याच्या व्यवस्थेत त्याचे भावंड प्रोपिलीन ग्लायकॉल वापरतात, जे खाद्यपदार्थांतही मर्यादित प्रमाणात चालते. गुलाबी रंग हा ओळख पटावी म्हणून रूढ झालेला संकेत आहे. वसंतात नळ्या धुऊन घ्यायच्याच असतात. पण चुकून अंश राहिला तरी जीव जाऊ नये, असा हा विचार आहे.

२२/
या सावधगिरीची किंमत जगाने मोजलेली आहे. १९३७ साली अमेरिकेत याच कुळातील डायएथिलीन ग्लायकॉल द्रावक म्हणून वापरलेले एक औषध बाजारात आले आणि शंभराहून अधिक माणसे मेली, त्यांत अनेक मुले होती. त्या धक्क्यातून १९३८ चा अमेरिकी अन्न व औषध कायदा झाला. आणि हे विष आपल्या दारापर्यंतही आले. १९८६ च्या आरंभी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात उपचारासाठी दिलेल्या ग्लिसरीनमध्ये डायएथिलीन ग्लायकॉलची भेसळ निघाली आणि १४ रुग्ण दगावले. न्या. लेंटिन यांच्या चौकशी आयोगाने त्या प्रकरणात औषध-प्रशासनाची लक्तरे वेशीवर टांगली. एका रेणूची दोन भावंडे दिसायला सारखी असतात; बाटलीवरचे नाव खरे आहे की नाही, यावर माणसांचे प्राण अवलंबून राहतात.

२३/
नळाची कथा इथे पूर्ण होते. दुसऱ्या अटीची, म्हणजे नळाची, किंमत दर वर्षी एक दिवस राबून चुकवता येते. पहिल्या अटीचे तसे नाही. ब्रिटनमध्ये हौशी कॅरॅव्हॅन हिवाळ्यात अंगणात किंवा भाड्याच्या आवारात निवांत उभी राहते. पण १९६० च्या कायद्याने जमिनीवर कॅरॅव्हॅन लावण्यासाठी परवाना आवश्यक केला आणि रोमानी व इतर भटक्या कुटुंबांचे कित्येक परंपरागत मुक्काम बंद झाले. १९६८ च्या कायद्याने त्यांच्यासाठी जागा पुरवण्याचे कर्तव्य स्थानिक संस्थांवर टाकले. १९९४ च्या कायद्याने ते कर्तव्य काढून घेतले. एकाच प्रकारचे वाहन, एकच हिवाळा. रिकाम्या कॅरॅव्हॅनला जागा सहज मिळते, माणसे राहत असलेल्या कॅरॅव्हॅनला मिळत नाही.

२४/
अमेरिकेतही हे दोन प्रवाह समांतर वाहतात. सुखवस्तू निवृत्त मंडळी हिवाळ्यात ॲरिझोना, टेक्सास, फ्लोरिडाकडे निघतात. त्यांना ‘स्नोबर्ड’ म्हणजे हिमपक्षी म्हणतात. ॲरिझोनाच्या वाळवंटातील क्वार्ट्झसाइट या छोट्या गावाभोवती दर हिवाळ्यात वाहनांचे नगर वसते. पण त्या नगरात असेही लोक असतात, ज्यांनी घरभाडे परवडेना म्हणून व्हॅनमध्ये संसार थाटला. जेसिका ब्रूडर यांच्या २०१७ च्या ‘नोमॅडलँड’ या पुस्तकाने आणि त्यावरील चित्रपटाने ते जगाला दिसले. हिमपक्षी परतून आपल्या घराचे कुलूप उघडतो. दुसऱ्याकडे उघडण्यासारखे कुलूप एकच असते, ते व्हॅनच्या दाराचे.

२५/
इतिहासाच्या अभ्यासकाने वस्तूंना प्रश्न विचारायला शिकले पाहिजे. संग्रहालयात जुने चाकांवरचे घर पाहाल, तेव्हा नक्षी आणि पडदे पाहून झाल्यावर खाली वाकून त्याचा तळ पाहा. निचऱ्याचे बूच आहे का? नसेल, तर बहुधा ते बादलीच्या युगातले आहे. असेल, तर त्याच्या मालकाने दर शरदात ते उघडले असेल, पाणी सोडून दिले असेल, दार लावले असेल आणि तो दुसऱ्या एका उबदार दाराकडे चालत गेला असेल. ते दुसरे दार कोणाला होते आणि कोणाला नव्हते, याची नोंद गाडीवर सापडत नाही. ती शोधणे हे आपले काम.

धागा समाप्त.